तिसरं ‘या’

रविवार, ३ मार्च १९२९. खामगाव.

जो माणूस रक्त पितो, तो मला इतका का आवडतो? मी बी.ए. झालेली आहे, घराण्यातली पहिली. तर्कशास्त्राचा पेपर मी चांगला सोडवला होता. तरी या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, आणि नव्या वहीच्या पहिल्याच पानावर ते कबूल केलेलं बरं.

तो माणूस म्हणजे ‘ओसरीवरचा पाहुणा’ या कादंबरीतला रणधीर. मी अमरावतीला आत्याकडे राहून कॉलेजात शिकत होते, तेव्हा ही कादंबरी एका मासिकातून दर महिन्याला थोडी थोडी येई. पुढे तिचं पुस्तक निघालं. माझ्या प्रतीची पाठ सुटली आहे आणि ती मी खळ लावून दोनदा चिकटवली आहे. रणधीर मेलेला आहे, पण मेलेला नाही. माणसाच्या रक्तावर तो जगतो. केतकीवर त्याचा जीव जडतो आणि तिच्यासाठी तो झुरतो. मात्र कुणाच्या घराचा उंबरठा त्याला आपण होऊन ओलांडता येत नाही. घरच्या माणसांनी तीनदा ‘या’ म्हणावं लागतं.

असल्याला ‘या’ कोण म्हणेल? पण लेखकाची हुशारी इथंच आहे. रणधीर ओसरीवर बसतो, पाणी पितो, चार गोष्टी बोलतो आणि उठताना म्हणतो, ‘येतो.’ आपल्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ. आणि पाहुण्यानं ‘येतो’ म्हटलं की घरचे ‘या’ म्हणतात. त्याला विचार लागत नाही. केतकी असं दोनदा म्हणून बसते. मग तिला कळतं. तिसऱ्या वेळी तो ‘येतो’ म्हणतो आणि ती म्हणते, ‘जा.’ तो जागच्या जागी राख होतो. ती शेवटची दोन पानं वाचताना मी दर वेळी रडले आहे, आणि दर वेळी मला वाटलं आहे की तिनं ‘या’ म्हणायला हवं होतं.

आज हे सगळं लिहिण्याचं कारण असं की या कादंबरीचा सिनेमा झाला आहे. उकंडराव सिनेमावाले एका रिकाम्या रुईच्या, म्हणजे कापसाच्या, गोदामात खेळ लावणार आहेत. दुपारी त्यांचा जाहिरातीचा टांगा डफ वाजवत आमच्या मळ्यावरून गेला. सिनेमाचं नाव ‘आधी रात का दूल्हा’. पाहुण्याचा दूल्हा कसा झाला, ते मला कळलं नाही. तरी माझ्या हाताला घाम सुटला होता. मेथीची जुडी बांधता येईना. माय म्हणाली, “बी.ए.वाली, सुतळी धर नीट.”

बुधवार, ६ मार्च.

शेजारच्या वामनकाकांच्या घरी पत्र लिहून दिलं. त्यांच्याकडे लिहिता येणारं कुणी नाही. कोकिळा, म्हणजे त्यांची मुलगी आणि माझी लहानपणापासूनची मैत्रीण, दुसरीपर्यंत शिकली, तिला फक्त छापील अक्षर लागतं. संक्रांतीला माहेरी आली ती अजून गेलेली नाही. लोक विचारू लागले. तिचा नवरा हिंमतराव धामणगाव बढ्याचा. मोठी शेती आहे आणि धान्याचा व्यापार आहे. त्याला पत्र.

पुष्पाकाकू सांगत होत्या आणि मी लिहीत होते. “लिव, पोरीले घ्याले या म्हना.” एवढंच. मला ते फार कोरडं वाटलं. कोकिळा कोपऱ्यात मेथी निवडत होती. अलीकडे ती वाळली आहे, जेवत नाही. एवढ्या उन्हात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून बसते. विरहानं माणसाचं असं होतं, हे मी वाचलं आहे. म्हणून मी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं: ‘तिचे डोळे आपल्या वाटेकडे लागले आहेत. आपण या.’

वाचून दाखवलं. काकूंनी डोळ्याला पदर लावला. मी कोकिळेला विचारलं, “चालते का व?”

“लिव,” ती म्हणाली. “तुले चांगलं लिवता येते.”

रविवार, १० मार्च.

सिनेमा पाहिला. कोकिळेला घेऊन गेले होते.

गोदामातली रुई गेल्या महिन्यात आगगाडीनं गेली, तरी भिंतींना तिचे पुंजके चिकटलेले आहेत. मध्ये दोरीवर धोतरं टाकून आडोसा केला होता. अलीकडे बाया, पलीकडे माणसं. बाया मोजून नऊ. समोरची भिंत चुन्यानं पांढरी केली होती, तिच्यावर चित्र. बाहेर इंजिन धडधडत होतं, आत पेटी आणि तबला.

चित्रात कुणी बोलत नाही. बोलणं पाट्यांवर लिहिलेलं येतं, हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत. पुष्कळांना त्यातलं काहीच वाचता येत नाही, म्हणून इंद्रभान नावाचा माणूस भिंतीशी उभा राहून सगळं मोठ्यानं आपल्या बोलीत सांगतो. पदरचंही घालतो. रणधीर पहिल्यांदा आला तेव्हा तो ओरडला, “हा पाहा सरदार रणधीरसिंग. चार दिवसाचा उपाशी हाय, तोंड पाहा.” सगळं गोदाम हसलं. मला वाटलं, उठून जावं.

पुस्तकात रणधीरजवळ घोडा नाही. इथं घोडा होता, आणि अर्धा वेळ घोडाच दिसला. पुस्तकातली केतकी शिकवणी करून घर चालवते. इथं ती कारंज्यापाशी हंसाला दाणे टाकते. हे सगळं मी सोसलं. पण ओसरीच नव्हती. रणधीर फाटकाशी वळला, ओठ हलले आणि पाटी आली: ‘फिर मिलेंगे.’ झालं. ‘येतो’ नाही, ‘या’ नाही, मग उरलं काय? ज्या एका शब्दावर पुस्तक उभं आहे, तोच मुंबईवाल्यांनी काढून टाकला. आणि शेवटी केतकी दोन्ही हात पसरून धावत गेली, तो तिच्या मानेवर वाकला, सूर्य उगवला, तो धूर झाला, ती मेली, वरून फुलं पडली. बाया रडल्या. मी इतक्या वर्षांपासून हाच शेवट मनात धरून होते, आणि समोर आला तर मला तो खोटा वाटला.

बाहेर आल्या आल्या मी कोकिळेला म्हटलं, “पुस्तकात असं नाई. पुस्तकात केतकी त्याले ‘जा’ म्हनते.”

“असं कशी म्हनीन व? नवऱ्याले कोनी ‘जा’ म्हनते का?”

“नवरा नाई थो. पाहुणा हाय.”

“सिनेमात नवरा हाय.” ती थोडं चालली. तिचे डोळे लाल होते. “आन् थे गेली त्याच्यासंग. मेली, पन साऱ्या बाया रडल्या तिच्यासाठी. कोनी नावं नाई ठेवली.”

मी वाटभर तिला घोडा आणि कारंजं यातल्या चुका सांगत आले.

बुधवार, १३ मार्च.

बाबांना घेऊन उकंडरावांकडे तक्रार करायला गेले. ते खाटेवर बसून पानाला चुना लावत होते. मी सगळं मुद्देसूद सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“बाई, मी सिनेमाच्या पेट्या आनतो, पेट्या नेतो. शेवट मुंबईवाले करते.”

“मग निदान इंद्रभानले तरी खरं सांगाले लावा.”

इंद्रभान तिथंच इंजिन पुसत होता. म्हणाला, “मले पुस्तक माईत नाई बाई. मी पाटी वाचतो. पाटी नाई समजली तं तोंड वाचतो.”

उकंडराव बाबांकडे पाहून म्हणाले, “किसनराव, एक गोष्ट सांगू का? आता ह्या पेट्या मलकापूरले चालल्या. महिन्याच्या शेवटी परत येते. मले बायाईचा एक खेळ लावाचा हाय दुपारचा, नुसत्या बायाईचा. पन बाया म्हनते, आत मानूस उभा राहून वरडते, आमी येत नाई. तुमची बाई वाचीन का?”

मी म्हटलं, “शेवट मी पुस्तकातला सांगीन.”

“चित्र तं थेच राहीन न. तोंडानं काही बी सांगा. फक्त बायाईनं दुसऱ्या बायाईले सांगतलं पाह्यजे, जाऊन पाहा म्हनून.”

परत येताना बाबांनी बैल थांबवून विचारलं, “तुले वाचाचं हाय का?”

“हाव.”

“मंग वाच. मले काय इचारते.”

शुक्रवार, १५ मार्च.

हिंमतराव आले होते. पत्र मिळताच निघाले. माणूस फार सभ्य आहे. चौथी इंग्रजी झालेले, बोलणं स्वच्छ, आवाज हळू. पांढरा कोट, पायात काळे जोडे. ओसरीवर बसले तेव्हा मला क्षणभर रणधीरच आठवला, खोटं का लिहू? माझ्याकडे वळून म्हणाले, “पत्र आपलं ना? ‘डोळे वाटेकडे लागले आहेत’, हे वाक्य मी पेटीत जपून ठेवलं आहे.” मी लाजले.

कोकिळा पाणी घेऊन आली. तांब्या ठेवताना अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. दोन महिन्यांनी नवरा दिसला, लाजेनं असेल. त्यांनी तिच्यासाठी हिरवं लुगडं आणलं होतं, जरीच्या काठाचं. होळी झाली की महिनाअखेरच्या रविवारी घेऊन जातो, असं ठरलं. मग उठले, काकांना नमस्कार केला, म्हणाले, “येतो मग.”

“या,” पुष्पाकाकू म्हणाल्या.

ते गेल्यावर मी लुगड्याची घडी उलगडून पाहिली. कोकिळेनं हात लावला नाही. म्हणाली, “हे पाचवं हाय.” दोन वर्षांच्या संसारात पाच लुगडी. माझ्या बाबांनी मायला इतक्या वर्षांत तेवढी घेतली नसतील. मला तिचा हेवा वाटला.

गुरुवार, २१ मार्च.

हे लिहायला हात होत नाही, पण लिहिते. नाही लिहिलं तर उद्या मीच हळू आवाजात मनाला समजावेन की तसं काही नव्हतंच.

खेळाची तयारी म्हणून मी दुपारी कोकिळेला पुस्तक वाचून दाखवत होते. दोघीच होतो, काकू बाजाराला गेलेल्या. रणधीर एका दासीचं रक्त पितो आणि निघताना तिच्या उशाशी मोगऱ्याची फुलं ठेवतो, ते प्रकरण. मला फार आवडतं. मी सावकाश वाचत होते.

कोकिळा म्हणाली, “थो फुलं ठेवते. आमचे थे लुगडं आनते.”

मला समजलं नाही. मी पुढे वाचू लागले. दासीच्या मानेवर दोन दातांच्या खुणा.

“दोनच असते का?”

“काय?”

तिनं पोलक्याची बाही वर सरकवली. मनगटापासून दंडापर्यंत बिडीचे डाग. काही जुने, काळे पडलेले. काही अजून गुलाबी. काही दोन दोन जवळजवळ. मी मोजायला लागले आणि थांबले.

“मंग थो रडते,” ती म्हणाली. “माह्या पायाशी बसून रडते, का तुह्यावर माहा लय जीव हाय म्हनून. मंग लुगडं आनते.”

“तुह्या मायले माईत हाय?”

“मायले माईत हाय. माय म्हनते, लुगडं तं आनते न.”

पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. मला ते मिटताही येईना.

शुक्रवार, २२ मार्च.

पहिलं ‘या’ मी लिहिलं. माझ्या अक्षरात, माझ्या पदरच्या वाक्यासकट. दुसरं काकूंनी ओसरीवर म्हटलं. दोन झाली.

मंगळवार, २६ मार्च.

धुळवड. रंग खेळले नाही. कोकिळेला विहिरीपाशी गाठून सरळ विचारलं, “तुले जाचं हाय का?”

“मले नाई माईत.”

“मंग कोनाले माईत असन?”

तिनं दोर ओढता ओढता विचार केला. “मले थो शेवट अजून एक डाव पाहाचा हाय. थे हात पसरून जाते न, थो. पाहीन आन् मंग जाईन. जाचंच हाय तं तसं गेलेलं बरं. इथं राहिली तं उद्या लोक म्हनतीन, टाकलेली हाय.”

मी तिला बायकांचे हक्क, नवे कायदे, कॉलेजात ऐकलेलं एक व्याख्यान असं पुष्कळ सांगितलं. ती ऐकत होती. घागर भरल्यावर म्हणाली, “तू लय चांगलं बोलते.” आणि गेली. पत्राच्या वेळी म्हणाली होती अगदी तसंच म्हणाली. माझं चांगलं लिहिणं आणि चांगलं बोलणं तिला आजवर कशाच्याही कामी आलेलं नाही.

जो शेवट पाहून ती सासरी जाणार आहे, तो सांगणारी मी आहे. शनिवारी खेळ, रविवारी हिंमतराव. हे मला आज एकदम दिसलं.

गुरुवार, २८ मार्च.

शाळेत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. त्यांच्या कानावर गेलं आहे. मी इथं हंगामी शिक्षिका, जूनमध्ये कायम होण्याचा प्रश्न आहे.

“गोदामात उभं राहून सिनेमा वाचणार तुम्ही?”

“हो. त्याच बायांच्या मुली आपल्या शाळेत येतात.”

“समितीनं विचारलं तर काय सांगू?”

“माझं नाव सांगा.”

त्यांनी दौतीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “किती वाजता आहे?” त्या चौकशीसाठी विचारत होत्या की येण्यासाठी, ते कळलं नाही.

शंका एकच आहे. चित्र एक दाखवायचं आणि सांगायचं दुसरं, हे खोटं बोलणं नाही का? दिवसभर घोळले. मग वाटलं, पुस्तकाशी खोटं मुंबईवाले आधीच बोलले आहेत. मी फक्त ते मागे घेते आहे. हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या पेपरात टिकला नसता. पण मी वाचणार.

शनिवार, ३० मार्च.

खेळ झाला. आठवतंय तसं सगळं लिहून ठेवते.

गोदाम भरलं होतं. भाजी विकणाऱ्या, सरकी निवडणाऱ्या, चांगल्या घरच्याही, पदर ओढून. मोठ्या बाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या, आल्याचं कुणाला दिसू नये अशा. कोकिळा दुसऱ्या रांगेत पुष्पाकाकू आणि मंजुळाबाईंच्या मध्ये. मंजुळाबाई म्हणजे आमच्या शेजारची वांगी विकणारी म्हातारी, दात नाहीत, आवाज मात्र खणखणीत.

मी सुरुवात केली, “ही केतकी. एका निर्धन पण सुसंस्कृत कुटुंबातील तरुणी...”

“बाई,” मंजुळाबाई म्हणाल्या, “हे कीर्तन हाय का? आपल्या बोलीत सांग न.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग सोपं झालं. कारंज्याला मी विहीर म्हटलं. हंसाला बदक म्हटलं. कुणाची काही तक्रार आली नाही.

रणधीर फाटकाशी वळला, ओठ हलले, ‘फिर मिलेंगे’ची पाटी आली. मी वाचलं, “रणधीर म्हनते, येतो.”

आणि अंधारातून पन्नास-साठ बाया एकदम म्हणाल्या, “या.”

मी हे योजलेलं नव्हतं. त्यांनीही नाही. पाहुणा ‘येतो’ म्हणाला, तोंडून ‘या’ गेलं. पेटीवालाही क्षणभर थांबला. मी म्हटलं, “म्हनलं न तुमी? केतकीनंही असंच म्हनलं. आता आइका. हा मानूस रक्त पेते. पन घरच्या मानसानं तीनदा ‘या’ म्हटल्याबिगर याले उंबरठा ओलांडता येत नाई. एक झालं.”

मग कुणी हसलं नाही.

दुसऱ्या वेळी ‘येतो’ म्हटलं तेव्हा अर्ध्याजणी म्हणून गेल्या आणि तोंडावर हात ठेवले. “मेलं तोंडच ऐकत नाई,” कुणीतरी कुजबुजलं. “दोन झाले,” मी म्हटलं. कोकिळेकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. ती मांडीवर बोटं मोजत होती.

शेवट आला. केतकी हात पसरून धावली. मी म्हटलं, “थे त्याले बाहेर ढकलाले धावली.” पुढे तो तिच्या मानेशी वाकला. “कानात म्हनते, तुह्यावर माहा लय जीव हाय. म्हनते, येतो.”

गोदामात फक्त इंजिनाचा आवाज. भिंतीवर केतकीचे ओठ हलायच्या आधीची ती जागा किती लांब आहे, हे मला तेव्हाच कळलं. मंजुळाबाईंना राहवलं नाही. “जा म्हन व पोरी,” त्या म्हणाल्या. “जा म्हन त्याले.”

केतकीचे ओठ हलले. एकच शब्द मावेल इतकेच.

“जा,” मी म्हटलं.

सूर्य उगवला. रणधीर धूर झाला. केतकी फुलांत पडली. मी सांगितलं, “मेली नाई थे. बारा रात्री जागली होती, झोप लागली तिले.”

“बरं झालं,” मंजुळाबाई म्हणाल्या. “उठन मंग सकाळी, चहा पिईन.”

कोणी रडलं नाही. उकंडराव दाराशी विचारत होते, “बायाईले रडू काऊन नाई आलं?” बाया बाहेर पडताना आपसांत मोठमोठ्यानं बोलत होत्या आणि एकमेकींना “जाते बरं, जाते बरं” म्हणून हसत होत्या.

कोकिळा माझ्यासाठी थांबली नाही. घरापर्यंत पुढे पुढे चालत गेली.

रविवार, ३१ मार्च.

सकाळपासून काकूंनी ट्रंक भरून ओसरीवर ठेवली होती. करंज्यांचा डबा वर. वामनकाका बाहेर येरझाऱ्या घालत होते. मी आमच्या अंगणात कांदे पसरत होते. सगळे कांदे पसरून झाले तरी पसरत होते.

टांगा आला. हिंमतराव उतरले, जोडे काढले, ओसरीवर बसले. पाणी झालं. त्यांनी काकांच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, “बरं, निघायचं?”

कोकिळा उंबरठ्याच्या आत होती. जुनं लुगडं नेसलेली. म्हणाली, “मी नाई येत.”

काका म्हणाले, “काय बोलते बे?” मुलीला कुणी ‘बे’ म्हणत नाही, इतके ते गोंधळले.

हिंमतराव मात्र हसले. आवाज तोच हळू. “राहू द्या मामाजी. माहेरी मन रमलं आहे तिचं. मी काही वाघ नाही. आणखी आठ दिवस राहू दे.” ते उठले. “पुढच्या रविवारी येतो.”

आणि थांबले. सगळेच थांबले. काका जमिनीकडे पाहत होते. पुष्पाकाकूंचं तोंड उघडलं. तो शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला कुंपणापलीकडून दिसला. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात धरला.

“जा,” कोकिळा म्हणाली.

“काय?”

“जा म्हटलं.”

तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली होती. हिंमतरावांचा चेहरा एक क्षण उघडा पडला, दार वाऱ्यानं उघडावं तसा. मी तो पाहिला. रणधीर तसा दिसत नाही, पुस्तकातही नाही आणि भिंतीवरही नाही. “मामाजी,” ते म्हणाले, “तुमच्या घरी हेच शिकवतात का?” मग जोडे घालू लागले. डावा जोडा उजव्या पायात गेला, काढून पुन्हा घालावा लागला. आम्ही सगळे ते पाहत होतो. टांगा गेला.

तो गेल्यावर कोकिळा तिथंच खाली बसली. काका ओरडत होते की घरात अपशकुन केला, जाणाऱ्याला ‘जा’ म्हटलं, आता तोंड कुठं दाखवू. काकूंनी ट्रंक उचलली आणि आत नेली. एकटीनं. जड होती.

मंगळवार, २ एप्रिल.

काल संध्याकाळी वामनकाका कोरं कार्ड घेऊन आमच्याकडे आले. डोळे सुजलेले. वाईट माणूस नाही. मी लहान असताना मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली आहे त्यांनी.

“लिव बाई. पोरगी नादान हाय, मनाले लावून घेऊ नका. रविवारी या.”

मी टाक बुडवला. “काका,” मी म्हटलं, “एक ‘या’ मी आधी लिवलं हाय, आता नाई लिवनार.”

“मंग कोन लिवीन? मले येते का?” ते म्हणाले. “तुले शिकवलं थे कायच्यासाठी शिकवलं?”

या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं. मी कार्ड माझ्याकडे ओढलं आणि माझ्याच नावानं लिहिलं. ‘सहा मार्चच्या पत्रात डोळे वाटेकडे लागल्याचं वाक्य माझं होतं, कोकिळेचं नव्हे. ते मी मागे घेते. आपण या, असंही मीच लिहिलं होतं, तेही मागे घेते. कोकिळा येणार नाही. आपण येऊ नये. तिच्या हातावरचे डाग मी पाहिले आहेत, आणि वेळ आली तर कुणापुढेही तसं सांगेन.’

काकांना शब्द न् शब्द वाचून दाखवलं. डागांशी आले तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. ते बोटानं जमिनीवर काहीतरी काढू लागले.

“माह्या नावानं नाई न लिवलं?”

“नाई काका. माह्या नावानं.”

“‘लोभ असावा’ लिवलं का खाली?”

“नाई.”

ते उठले. दाराशी गेले. सवयीनं “येतो” म्हणाले, आणि आम्ही दोघंही जरा थबकलो. मग मी म्हटलं, “या काका.” कार्ड त्यांनी परत मागितलं नाही.

मोठ्या बाईंनी समितीला काय सांगितलं, ते अजून कळलेलं नाही. जूनला कळेल. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तरही अजून नाही.

आज सकाळी शाळेला निघाले तेव्हा कोकिळा अंगणात भांडी घासत होती. बाह्या कोपराच्या वर सरकवलेल्या, उन्हात. तिनं वर पाहिलं. कार्डाच्या शेवटी मी नुसतं ‘कळावे’ लिहून सही केली होती. ते टपालाच्या पहिल्याच पेटीत टाकलं आणि वर्गावर गेले.